जुन्या ट्रकचा डेटा लॅपटॉपवर येत नाही? नेमकं कुठे अडतंय ते असं शोधा

गाडीचं डायग्नॉस्टिक सॉकेट आणि लॅपटॉप यांना जोडणारा अडॅप्टर लावला, चावी फिरवली, सॉफ्टवेअर उघडलं आणि पडद्यावर उत्तर आलं: ईसीयू प्रतिसाद देत नाही. जुन्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांच्या ट्रकवर हा दोष पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी पहिला संशय ईसीयूवर, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकावर, घेतला जातो. प्रत्यक्षात ईसीयू क्वचितच मेलेला असतो. अडचण असते ती ईसीयू आणि लॅपटॉप यांच्या मधल्या वाटेत. सॉकेटला पुरेसा करंट नाही, पिन मागे सरकली आहे, ड्रायव्हर चुकीचा आहे किंवा सॉफ्टवेअर वायरींच्या एका जोडीवर कान लावून बसलंय आणि इंजिन दुसऱ्याच जोडीवर बोलतंय. म्हणून वाट एका टोकाकडून तपासत जायची, आणि एक टप्पा ठीक आहे हे सिद्ध झाल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात लावायचा नाही.

इथे मुख्यतः गोल सॉकेटच्या गाड्या धरल्या आहेत. ६ पिनी सॉकेट जुनं, त्यावर जे १७०८ ही डेटा लाइन येते. ९ पिनी सॉकेट त्यानंतरचं, त्यावर जे १९३९ ही नवी डेटा लाइन, आणि मधल्या काळातल्या गाड्यांत दोन्ही. ज्या जुन्या गाड्यांना १६ पिनी चपटं सॉकेट आणि के-लाइन (एका वायरीची डेटा लाइन) आहे, त्यांनाही करंट आणि लॅपटॉपच्या तपासण्या तशाच लागू पडतात. फक्त पिना वेगळ्या: १६ नंबरला बॅटरी प्लस, ४ आणि ५ ला अर्थ, ७ ला के-लाइन.

लक्षणं

आधी आपलं लक्षण नीट ओळखा, म्हणजे अर्धं काम वाचतं.

– अडॅप्टरचा दिवाच लागत नाही. गाडीकडून करंट येत नाही. टप्पा १ ते ३.
– दिवा लागतो, पण लॅपटॉपला अडॅप्टर दिसत नाही. गाडीचा यात काही दोष नाही. थेट टप्पा ४.
– अडॅप्टर दिसतो, सॉफ्टवेअर जोडलं जातं, पण इंजिनाचा डेटा शून्य. टप्पा ५ पासून पुढे.
– डेटा येतो आणि सेल्फ मारताना किंवा इंजिन चालू झाल्यावर तुटतो. टप्पा १ ते ३ आणि ८.
– गिअरबॉक्स किंवा एबीएस दिसतं, इंजिन मात्र नाही. टप्पा ५, मग ८.
– डेटा येतो पण आकडे वेडेवाकडे: कूलंट उणे ४० किंवा २१५ अंश, आरपीएम ८१९१. ही वायरिंगची भानगड नसूही शकते. शेवटी वेगळा भाग आहे तो वाचा.

हाताशी एवढं असू द्या: साधा डिजिटल मल्टिमीटर, २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरी लावून (२४ व्होल्टच्या गाडीला २४ व्होल्टचाच), पिनेच्या मागून घालता येईल अशी बारीक टोकाची प्रोब, कॉन्टॅक्ट क्लीनर, टॉर्च, आणि त्या गाडीचा वायरिंग डायग्राम. डायग्राम नसेल तर टप्पा ७ नंतर अंधारात चाचपडणं आहे, तिथे थांबलेलं बरं.

गाडी सपाटीवर, पार्किंग ब्रेक लावलेला, गिअर न्यूट्रलला, चाकांना उटी. इंजिन चालवायचं असेल तर मोकळ्या हवेत.

टप्पा १: चावी, कटऑफ आणि बॅटरी

चावी ॲक्सेसरीवर नव्हे, पूर्ण ऑनवर हवी. रेडिओ वाजतो म्हणजे ईसीयू जागा झाला असं नाही. चावी ऑन केल्याबरोबर डॅशवरचा चेक इंजिनचा दिवा एक-दोन सेकंद लागून विझतो का ते पाहा. लागून विझला तर ईसीयूला करंट मिळतोय आणि तो चालतोय, हे फुकटात कळलं. अजिबात लागला नाही तर बल्ब गेलेला असेल किंवा ईसीयूच झोपलेला असेल. लागला आणि विझलाच नाही तर ईसीयूत बिघाडाचा सक्रिय कोड असण्याची शक्यता जास्त.

बॅटरी कटऑफ स्विच असेल तर तो पूर्ण आत बसलाय ना ते बघा. मग बॅटरीवर मीटर लावा. काही तास उभ्या असलेल्या १२ व्होल्टच्या गाडीत १२.६ म्हणजे भरलेली बॅटरी, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. २४ व्होल्टच्या गाडीत याच्या दुप्पट. चावी ऑन ठेवून तासभर डेटा बघत बसलात तर व्होल्टेज उतरत जातं आणि अडॅप्टर मधेच रुसतो. लांब काम असेल तर चार्जर लावून ठेवा.

टप्पा २: सॉकेट डोळ्यांनी बघा

हे काम कंटाळवाणं आहे म्हणून सगळे टाळतात. सॉकेट सहसा ड्रायव्हरच्या पायांजवळ किंवा डॅशखाली असतं. वर्षानुवर्षं बुटांची धूळ, चिखल आणि पाणी त्यातच जातं. टॉर्च मारून प्रत्येक पिन बघा. हिरवट किंवा पांढरी भुकटी दिसली तर तांब्याला गंज धरलाय. एखादी पिन बाकीच्यांपेक्षा आत गेलेली दिसली तर तिची खाच सुटली आहे: प्लग लावताना ती मागे सरकते आणि टेकतच नाही. सॉकेटच्या मागून प्रत्येक वायर हलक्या हाताने ओढून पाहा. जी सुळकन बाहेर येते, तीच तुमची गुन्हेगार.

कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, प्लग दोन-तीन वेळा घालून काढा. गोल प्लगला फिरवून अडकवायची रिंग असते, ती टक्क होईपर्यंत फिरवा. नुसता दाबून ठेवलेला प्लग इंजिनाच्या हादऱ्याने सुटतो आणि ‘इंजिन चालू झालं की डेटा जातो’ ही तक्रार सुरू होते.

९ पिनी सॉकेटचा रंगही बघून ठेवा. काळं म्हणजे जे १९३९ चा २५० किलोबिटचा वेग, हिरवं म्हणजे ५०० किलोबिट. हिरवा प्लग दोन्हीत बसतो, काळा प्लग हिरव्यात बसत नाही, आणि ते मुद्दाम तसं केलंय. जोर लावून बसवू नका.

टप्पा ३: सॉकेटमध्ये खराखुरा करंट आहे का

६ पिनीत सी ला बॅटरी प्लस आणि ई ला अर्थ. ९ पिनीत बी ला प्लस आणि ए ला अर्थ. ही उलटापालट लक्षात ठेवा, कारण ६ पिनीत ए आणि बी या डेटाच्या पिना आहेत. पिनेची अक्षरं सॉकेटच्या प्लॅस्टिकवर बारीक कोरलेली असतात. अंदाजाने मोजू नका.

मीटरवर बॅटरीइतकं व्होल्टेज दिसलं तरी लगेच समाधान मानू नका. मीटर जवळपास काहीच करंट ओढत नाही. दहापैकी नऊ तारा तुटलेल्या वायरीतून, गंजलेल्या फ्यूजमधून, अर्धवट टेकलेल्या अर्थमधूनही तो १२.४ दाखवतो. अडॅप्टर करंट मागतो तेव्हा तेच व्होल्टेज कोसळतं. म्हणून प्लस आणि अर्थ या दोन पिनांमध्ये बल्ब लावा. १२ व्होल्टवर २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो, एवढा भार पुरेसा आहे. बल्ब लख्ख पेटला पाहिजे. पेटलेला असतानाच त्याच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल तर वाटेत कुठेतरी खराब जोड आहे.

तो प्लसच्या बाजूला आहे की अर्थच्या, हेही तिथल्या तिथे कळतं. बल्ब पेटलेलाच ठेवा. मीटरची एक वायर बॅटरीच्या प्लसवर, दुसरी सॉकेटच्या प्लस पिनेवर. जे व्होल्टेज दिसेल तेवढं प्लसच्या वाटेत हरवतंय. मग तसंच बॅटरी निगेटिव्ह आणि सॉकेटची अर्थ पिन यांच्यात. जुन्या ट्रकमध्ये दोष बहुधा अर्थच्या बाजूला सापडतो, कारण केबिनचा अर्थ चासीला ज्या बोल्टने जोडलेला असतो त्याच्याखाली गंज साचतो. बोल्ट काढा, पत्रा आणि टर्मिनल घासून चकचकीत करा, परत आवळा.

बल्ब अजिबात पेटला नाही तर फ्यूज. काढून नुसता बघू नका, मीटरने कंटिन्युइटी घ्या. नवा फ्यूज लगेच उडाला तर मोठा फ्यूज घालण्याचा मोह आवरा. वायर कुठेतरी पत्र्याला शॉर्ट आहे आणि पुढची पायरी धूर आहे.

डेटाच्या पिनांवर बल्ब कधीही लावायचा नाही. मॉड्यूलमधली (ईसीयू, एबीएससारख्या इलेक्ट्रॉनिक डब्यातली) डेटा चिप जळते आणि नसलेला दोष तयार होतो.

टप्पा ४: लॅपटॉप, केबल आणि ड्रायव्हर

पहिल्यांदा यूएसबी केबल बदला. एक्स्टेन्शन आणि हब काढून टाका. लॅपटॉपच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी बंद करून वीज वाचवायचा पर्याय असतो, तो बंद करा. दर काही मिनिटांनी डेटा तुटतो त्याचं हे एक ठरलेलं कारण आहे. दुसरं कारण म्हणजे गाडीच्याच बॅटरीवर इन्व्हर्टर लावून त्यावर लॅपटॉप चार्ज करणं. त्यातून गोंगाट अर्थमार्गे थेट डेटा लाइनवर येतो. चार्जर काढा, लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालवा आणि फरक बघा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टर दिसतोय का, पिवळी खूण आहे का, कॉम पोर्टचा नंबर कोणता, हे टिपा. एक पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो. मागे दुसरं डायग्नॉस्टिक सॉफ्टवेअर छुपं चालू असेल तर नव्याला ‘अडॅप्टर सापडला नाही’ असंच दिसणार. शंका असेल तर लॅपटॉप रीस्टार्ट करून फक्त एकच प्रोग्राम उघडा.

ट्रकची बहुतेक सॉफ्टवेअरं आरपी १२१० या ठरावीक पद्धतीने अडॅप्टरशी बोलतात. विंडोजच्या फोल्डरमध्ये आरपी१२१०३२.आयएनआय नावाची एक छोटी फाइल असते, तिच्यात बसवलेल्या सगळ्या अडॅप्टरांच्या ड्रायव्हरची यादी असते. एका कंपनीचा अडॅप्टर काढून दुसऱ्याचा बसवला की ही यादी बिघडू शकते: जुनं नाव तसंच राहतं किंवा नवं घातलंच जात नाही. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळं ठीक दिसतं आणि सॉफ्टवेअरच्या यादीत अडॅप्टर नसतो. फाइल नोटपॅडमध्ये उघडून नाव आहे का बघा. नसेल तर हाताने खोडाखोड करण्यापेक्षा ड्रायव्हर पूर्ण काढून पुन्हा बसवणं सोपं. आणखी एक: जुनी सॉफ्टवेअरं ३२ बिटची असतात आणि त्यांना आरपी १२१० चा ३२ बिटचाच ड्रायव्हर लागतो, विंडोज ६४ बिटचं असलं तरी.

अडॅप्टरबरोबर सहसा तपासणीचा एक स्वतंत्र प्रोग्राम येतो. आधी तो चालवा. त्याला अडॅप्टर सापडला आणि मुख्य सॉफ्टवेअरला नाही, तर भांडण सॉफ्टवेअरच्या सेटिंगचं आहे, गाडीकडे परत जायची गरज नाही.

टप्पा ५: दोघं एकच भाषा बोलतायत का

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. जे १७०८ आणि जे १९३९ या दोन पूर्ण वेगळ्या व्यवस्था आहेत. जे १७०८ दोन पिळलेल्या वायरींवर ९६०० बॉडने चालते आणि तिच्यावरच्या संदेशांची रचना जे १५८७ ठरवतं. जे १९३९ हे कॅन आहे, म्हणजे मॉड्यूलांना आपसात जोडणारी वेगवान डेटा लाइन, जुन्या गाड्यांत २५० किलोबिट. सॉकेटमध्ये पिना अशा:

६ पिनी: ए जे १७०८ प्लस, बी जे १७०८ मायनस.
९ पिनी: सी कॅन हाय, डी कॅन लो, ई शील्ड, एफ जे १७०८ प्लस, जी जे १७०८ मायनस.

मधल्या काळातल्या ९ पिनी गाड्यांमध्ये कॅनवर गिअरबॉक्स आणि एबीएस आपसात बोलत असतात, पण इंजिनाचे कोड जे १७०८ वरच मिळतात. सॉफ्टवेअर फक्त कॅन ऐकत असेल तर ‘इंजिन सापडलं नाही’ असं दिसतं आणि इंजिन मात्र शेजारच्या दोन पिनांवर सगळं सांगत असतं. सेटिंगमध्ये दोन्ही प्रोटोकॉल आलटून पालटून लावून पाहा.

ईएलएम ३२७ जातीचे स्वस्त अडॅप्टर जे १७०८ बोलूच शकत नाहीत. ६ किंवा ९ पिनीपासून १६ पिनीची जी केबल मिळते ती फक्त पिना जुळवते, भाषांतर करत नाही. त्यातला मूळ चिपचा अडॅप्टर कॅनवर जे १९३९ वाचू शकतो, नकली चिपांचा मात्र भरवसा नाही. शिवाय यातले बरेचसे १२ व्होल्टसाठीच बनवलेले असतात. २४ व्होल्टच्या गाडीत चार्जिंगला २८ व्होल्ट येतात तेव्हा ते तापून मरतात. लावण्याआधी अडॅप्टरवरची व्होल्टेजची मर्यादा वाचा.

इंजिन उत्पादकाचं नवं सॉफ्टवेअर असेल तर त्या आवृत्तीत तुमचं जुनं ईसीयू आहे का तेही पाहा. नव्या आवृत्त्यांतून जुनी मॉडेलं गळतात.

टप्पा ६: जे १७०८ वर नुसता कान लावणं

अडॅप्टर खोटं बोलतोय की लाइनच मेली आहे, याचा निकाल लावायचा सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे यूएसबी ते आरएस ४८५ चा साधा कन्व्हर्टर. जे १७०८ मध्ये आरएस ४८५ च्याच चिपा असतात. जे १७०८ प्लस, म्हणजे लाइनची ए वायर (६ पिनीत ए पिन, ९ पिनीत एफ), कन्व्हर्टरच्या ए ला, मायनस, म्हणजे बी वायर (६ पिनीत बी पिन, ९ पिनीत जी), बी ला, आणि अर्थला अर्थ जोडा, सीरियल टर्मिनल ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट असं लावा. बाइट धावायला लागले तर लाइन जिवंत आहे आणि दोष तुमच्या अडॅप्टरमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये आहे. नुसती शून्यं आणि फ्रेमिंग एरर आल्या तर ए-बी उलट करा. या अक्षरांबाबत चिप बनवणाऱ्यांमध्ये एकमत नाही, आणि उलट लावल्याने काही जळत नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. पहिली, कन्व्हर्टरवरचा १२० ओमचा रेझिस्टर. बऱ्याच स्वस्त कन्व्हर्टरांवर तो कायमचा जोडलेला असतो. जे १७०८ मध्ये टोकांचे रेझिस्टर नसतातच. प्रत्येक मॉड्यूल ए ला ४.७ किलोओमने ५ व्होल्टकडे आणि बी ला ४.७ किलोओमने अर्थकडे हलकेच ओढून धरतं. मध्ये १२० ओम टाकला की एका मॉड्यूलच्या ओढीने ए-बी मध्ये फक्त ६३ मिलिव्होल्ट उरतात, तीन मॉड्यूल असली तरी १८४. चिपला लाइन मोकळी आहे हे खात्रीने समजायला २०० मिलिव्होल्ट लागतात. म्हणजे नुसतं ऐकायला म्हणून जोडलेला कन्व्हर्टर अख्खी लाइन पाडू शकतो. रेझिस्टर जंपरने बंद करा, नाहीतर उपटून काढा.

दुसरी गोष्ट: यावरून काहीही पाठवू नका. जे १७०८ वर लाइन जोर लावून फक्त एकाच दिशेला ओढायची परवानगी आहे, दुसरी अवस्था त्या हलक्या रेझिस्टरांवर सोडलेली असते. त्यामुळे दोघं एकदम बोलले तरी काही जळत नाही. साधा आरएस ४८५ कन्व्हर्टर दोन्ही दिशांना जोर लावतो. गाडी चालू असताना तो मधे बोलला तर बाकीच्यांचे संदेश मोडतो.

आता बाइट वाचायचे. प्रत्येक संदेशाचा पहिला बाइट बोलणाऱ्याचा नंबर असतो: इंजिन १२८, गिअरबॉक्स १३०, ट्रॅक्टरचे ब्रेक १३६. पुढे कोणती गोष्ट सांगतोय त्याचा नंबर, मग किंमत, शेवटी चेकसम. सगळ्या बाइटची बेरीज २५६ ने पूर्ण भागली गेली पाहिजे. हे बघा:

१२८, १९०, ९६, ९, ८९

१२८ म्हणजे इंजिन. १९० म्हणजे आरपीएम. किंमत दोन बाइटची आणि लहान बाइट आधी: ९६ अधिक ९ गुणिले २५६, म्हणजे २४००. एक एकक पाव आरपीएम, म्हणून ६०० आरपीएम. बेरीज ५१२, २५६ ची बरोबर दुप्पट. संदेश खरा आहे.

नेहमी लागणारे बाकीचे नंबर: ८४ वेग, दर एककाला अर्धा मैल प्रति तास, १०० ऑइल प्रेशर, अर्धा पीएसआय, १०२ बूस्ट, पीएसआयचा आठवा भाग, ११० कूलंट, एक अंश फॅरेनहाइट, १६८ बॅटरी व्होल्टेज, ०.०५ व्होल्ट. कूलंटला १८० दिसलं तर ते ८२ सेल्सिअस आहे, गाडी उकळत नाहीये.

संदेश कुठे संपला हे जे १७०८ मध्ये बाइटांमधल्या शांततेवरून ओळखतात. एक बाइट साधारण १ मिलिसेकंदाचा, शांतता किमान तेवढीच. पण अनेक यूएसबी चिपा १६ मिलिसेकंदांचे बाइट साठवून एकदम देतात, त्यामुळे लॅपटॉपला ती शांतता दिसतच नाही आणि दोन संदेश एकमेकांना चिकटून येतात. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये लेटन्सी १ मिलिसेकंद करा, आणि तरीही विश्वास शांततेवर नव्हे, चेकसमवर ठेवा. संदेश जास्तीत जास्त २१ बाइटचा असतो. १२८ पासून सुरू करून पुढच्या २१ मध्ये बेरीज जुळते का ते तपासत गेलं की तुकडे सुटे होतात. योगायोगाने जुळणारेही निघतात, ते किमतीवरून लगेच ओळखू येतात.

टप्पा ७: लाइनची मापं

कॅन असेल तर बॅटरी सोडवा, काही मिनिटं थांबा आणि ९ पिनीच्या सी-डी मध्ये रेझिस्टन्स मोजा. बॅटरी जोडलेली असताना घेतलेलं माप फसवं असतं. ६० ओम म्हणजे दोन्ही टोकांचे १२०-१२० चे रेझिस्टर जागेवर आहेत. १२० आला तर एक रेझिस्टर नाही किंवा मधे वायर तुटली आहे. ४० म्हणजे कुणीतरी तिसरा घातलाय, बहुधा नंतर बसवलेल्या एखाद्या उपकरणासोबत. शून्याजवळ म्हणजे दोन्ही वायरी एकमेकींना शॉर्ट.

हेच माप जे १७०८ वर घेऊन ६० ओमची वाट बघू नका, वर सांगितलं तसं तिथे टोकाचे रेझिस्टर नाहीत. तिथे चावी ऑन ठेवून दोन्ही वायरी अर्थशी मोजा. ए (जे १७०८ प्लस) वरचा आकडा जास्त, बी (मायनस) वरचा कमी, बेरीज पाचाच्या आसपास, आणि डेटा चालू असल्याने दोन्ही आकडे थोडे हलते. दोन्ही सारखेच असतील तर वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. एखादीवर बॅटरीचं व्होल्टेज असेल तर ती प्लसच्या वायरीला घासली गेली आहे.

माप चुकलं की एकेक मॉड्यूल सोडवत जायचं, दर वेळी चावी बंद करून. सुरुवात नंतर बसवलेल्या गोष्टींपासून: जीपीएस ट्रॅकर, इंधन मोजणारं यंत्र, जोड काढून बसवलेला डिस्प्ले. कंपनीतून आलेली वायरिंग सहसा इतकी वाईट नसते, जितका टेपने गुंडाळलेला जोड असतो. लाइन सुधारली की शेवटचं सोडवलेलं मॉड्यूल किंवा त्याची फांदी दोषी. वायरीचं इन्सुलेशन टोचून माप घेऊ नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी तोच ट्रक परत उभा राहतो.

टप्पा ८: ईसीयूचा स्वतःचा करंट

लाइन ठीक, बाकीची मॉड्यूल बोलतात, इंजिन गप्प. आता ईसीयूकडे वळायला हरकत नाही. बऱ्याच गाड्यांत त्याचा मुख्य करंट चावीतून नव्हे, बॅटरीवरून थेट येतो, आणि त्याचे फ्यूज बॅटरी बॉक्सजवळ असतात, जिथे ॲसिडच्या वाफांनी होल्डर कुजतात. फ्यूज होल्डर उघडून आत बघा. मग टप्पा ३ मधलीच बल्बची परीक्षा ईसीयूच्या प्लगमधल्या प्लस आणि अर्थ पिनांवर, डायग्रामप्रमाणे पिना ओळखून, प्लग ईसीयूपासून सोडवून.

सेल्फ मारताना डेटा तुटत असेल तर सेल्फ मारतानाच बॅटरीवर मोजा. १२ व्होल्टच्या गाडीत आकडा ९-१० च्या खाली उतरला तर ईसीयू किंवा अडॅप्टर रीसेट होणं नवल नाही; बॅटरी, टर्मिनल आणि सेल्फ आधी बघा. इंजिन चालू असताना तुटत असेल तर मीटर एसीवर लावून बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त एसी दिसलं तर अल्टरनेटरचा डायोड गेल्याचा संशय घ्या.

डेटा येतोय, पण पटत नाही

रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर, चावी ऑन, इंजिन बंद अशी स्थिती घ्या. कूलंट, इनटेक हवा, इंधन, सगळ्यांची तापमानं जवळपास सारखी आणि बाहेरच्या हवेइतकी हवीत. ऑइल प्रेशर शून्य, आरपीएम शून्य. एखादं तापमान एकटंच वेगळं असेल तर तो सेन्सर किंवा त्याची वायर. तापमानाच्या सेन्सरची वायर तुटली तर आकडा अतिथंड टोकाला जातो, शॉर्ट झाली तर अतिगरम टोकाला. आकडा गरम टोकाला असेल तर सेन्सरचा प्लग काढून बघा, तो थंड टोकाला गेला पाहिजे. गेला तर वायर आणि ईसीयू ठीक, सेन्सर बदला.

जे १९३९ मध्ये कूलंट २१५ अंश किंवा आरपीएम ८१९१.८७५ दिसलं तर घाबरू नका. ईसीयूने सगळे बिट भरून ‘ही माहिती माझ्याकडे नाही’ असं सांगितलंय आणि सॉफ्टवेअरने त्याचाच आकडा करून दाखवलाय. काही माहिती न आल्यासारखी वाटते त्याचं कारणही साधं असतं: आरपीएम सेकंदाला अनेकदा येतो, कूलंट सावकाश, आणि काही गोष्टी जे १५८७ मध्ये मागितल्याशिवाय दिल्याच जात नाहीत.

कोड वाचताना तीन आकडे एकत्र लिहून घ्या: कोण बोलतोय, कशाबद्दल, आणि एफएमआय म्हणजे बिघाडाचा प्रकार. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं, ६ म्हणजे करंट जास्त किंवा अर्थला शॉर्ट. हे चारही बहुधा वायरिंगकडे बोट दाखवतात, आणि ऑइल प्रेशरला ३ किंवा ४ आला म्हणून इंजिन उघडायला घेणं हा मूर्खपणा आहे. ० आणि १ मात्र गंभीर: सेन्सर शाबूत आहे आणि खरोखरच किंमत मर्यादेबाहेर गेली आहे. जे १५८७ मध्ये पीआयडी (मोजलेल्या गोष्टीचा नंबर) आणि एसआयडी (गाडीतल्या भागाचा नंबर) यांची गल्लत करू नका, दोन्हींना नंबर असतात पण यादी वेगळी. इंजिनाचा एसआयडी १ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा इंजेक्टर. एसआयडी २५० किंवा २३१ दिसला तर अनुक्रमे जे १७०८ आणि जे १९३९ लाइनचीच तक्रार आहे, मागे टप्पा ७ वर जा.

कोड पुसण्याआधी सगळे लिहून ठेवा, निष्क्रिय कोडही. पुसले की पुरावा गेला.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

– बदललेला फ्यूज पुन्हा उडाला किंवा हार्नेस (वायरींचा जुडगा) कुठे वितळलेला दिसला. ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम.
– एबीएस, ब्रेक किंवा एअरबॅगची वायर सोडवावी लागणार असेल.
– इंजेक्टरच्या वायरींपर्यंत पोचलात. काही इंजिनांत तिथे १०० व्होल्टच्या आसपास जातात; इंजिन चालू असताना हात किंवा साधी प्रोब लावायची जागा नव्हे ती.
– ऑइल प्रेशर किंवा कूलंटला एफएमआय ० किंवा १ आणि साध्या मेकॅनिकल गेजवरही तोच आकडा. इंजिन बंद, गाडी टोइंगने.
– टप्पा ८ पर्यंत सगळं बरोबर आणि ईसीयू तरी गप्प. ईसीयू उघडू नका, दुसऱ्या गाडीचा ईसीयू लावून बघू नका. त्याच्यात त्या इंजिनाचं कॅलिब्रेशन आणि इंजेक्टरचे कोड भरलेले असतात, चुकीच्या भरणीवर इंजिन चालवलं तर नुकसान खरं होतं. खूण म्हणून इंजिनाचा सीरियल नंबर, ईसीयूवरचा पार्ट नंबर आणि तुमची सगळी मापं लिहून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या.
– ईसीयूत काहीही लिहायचं, म्हणजे पॅरामीटर बदलणं किंवा नवं प्रोग्रामिंग. वाचताना डेटा तुटला तर पुन्हा जोडता येतो. लिहिताना बॅटरी उतरली किंवा केबल हलली तर ईसीयू कायमचा बंद पडू शकतो.